आसूड ओढण्याआधी हिशेब शिकलेला महात्मा

अर्थशास्त्र हा शब्द कानावर पडला की आपला माणूस दोन पावले मागे सरकतो. ते विद्यापीठातल्या प्राध्यापकांचे, शेअर बाजारातल्या शेठजींचे, दिल्लीच्या बाबूंचे काम, असे त्याच्या मनावर पिढ्यान् पिढ्या बिंबवले गेले आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातले ईट घ्या. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा कोरडवाहू मुलूख. पाऊस आला तर पीक, नाही तर कोयता. या भागातली जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. कोणी खव्याच्या भट्टीवर दूध घालते, कोणी दोन-चार शेळ्या राखते, कोणी बचत गटाचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या गटाचे कर्ज काढते. दर, व्याज, मजुरी, कर, अनुदान यांच्या जात्यात ही माणसे रोज भरडली जातात. मात्र हे जाते कोण फिरवतो, त्याचा खुंटा कोणाच्या हातात आहे, हे समजून घेणे आपल्या आवाक्यातले नाही असे त्यांना वाटते. असे वाटावे हीच तर प्रस्थापितांची इच्छा होती आणि आहे. ज्याला हिशेब कळत नाही त्याला लुटायला तलवार लागत नाही.

अशा वेळी एका माणसाची आठवण होते. त्याने अर्थशास्त्राची कोणतीही पदवी घेतली नव्हती, त्याला हा विषय शिकवणारा कोणी गुरुजी मिळाला नव्हता. शाळा सुटल्यावर, संसाराला आणि समाजकार्याला लागल्यावर, वयाच्या तिशी-चाळिशीत तो हा विषय स्वतःच शिकत गेला. छपन्नाव्या वर्षी त्याने शेतकऱ्यांच्या दारिद्र्याचा जो ताळेबंद मांडला, तो वाचल्याशिवाय महाराष्ट्राचा आर्थिक इतिहास आजही पुरा होत नाही. बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्यांना आपले गुरू मानले, ते महात्मा जोतिराव फुले म्हणजे हा माणूस. स्त्रीशिक्षणाचे जनक, सत्यशोधक समाजाचे संस्थापक म्हणून आपण त्यांना वंदन करतो. परंतु स्वतःच्या बळावर राज्याची तिजोरी वाचायला शिकलेले जोतिराव आपल्या भाषणांत अभावानेच भेटतात.

भाजीचे दुकान आणि शाळेचा दरवाजा

जोतिरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी पुण्यात झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यामुळे फुले हे नाव पडले. वडील गोविंदराव यांचे भाजीपाल्याचे दुकान होते, थोडी शेती होती. आई चिमणाबाई जोतिराव अगदी तान्हे असतानाच वारल्या आणि सगुणाबाई क्षीरसागर या मावसबहिणीने त्यांना वाढवले. जोतिराव पंतोजींच्या शाळेत जाऊ लागले, तोच गोविंदरावांच्या ओळखीच्या एका ब्राह्मण कारकुनाने त्यांचे कान भरले. मुलगा शिकला तर शेतीच्या कामातून जाईल, या भीतीने त्यांनी मुलाचे नाव काढले आणि त्याच्या हातात पाटी होती तिथे खुरपे आले.

या घटनेकडे आपण जातीय कावा म्हणून पाहतो आणि ते खरेच आहे. पण त्यात एक आर्थिक गणितही दडलेले आहे. शिकलेला माळी स्वतःच अर्ज लिहील, स्वतःच पावती वाचील, मग कारकुनाची वरकमाई कोठून येणार? अडाणी गिऱ्हाईक हेच त्या कारकुनी धंद्याचे भांडवल होते. मळ्यात काम करीत असताना हे गणित लहानग्या जोतीला कळले नसेल, पण त्याचा फटका त्याच्या अंगावर बसला होता. पुढे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोन भल्या माणसांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. १८४७ मध्ये त्यांचे इंग्रजी शिक्षण संपले.

याच सुमारास थॉमस पेनचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ त्यांच्या हाती पडला. हा ग्रंथ केवळ स्वातंत्र्य आणि समता यांची घोषणा करून थांबत नाही. त्याच्या १७९२ मध्ये निघालेल्या दुसऱ्या भागात पेनने इंग्लंडच्या जमाखर्चाचे आकडे मांडले आहेत. राजदरबार आणि लढाया यांच्यावर किती पैसा उडतो, तो वाचवला तर म्हाताऱ्यांना निर्वाहवेतन आणि गरिबांच्या मुलांना शिक्षणासाठी मदत कशी देता येईल, याचा हिशेब त्याने केला आहे. हक्क मागायचा असेल तर तिजोरीचा ताळेबंद उघडावा लागतो, हा धडा त्या पानांत आहे. जोतिरावांनी पुढे पुण्याच्या नगरपालिकेला आणि कलकत्त्याच्या सरकारला जे प्रश्न विचारले, ते याच जातीचे होते.

१८४८ साली त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्यापायी १८४९ मध्ये सावित्रीमाईंसह त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले. महार-मांगांच्या मुलांसाठीही त्यांनी शाळा काढल्या. हा इतिहास आपल्या वाचकांना ठाऊक आहे. एका गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. १८५५ साली या दांपत्याने आपल्या घरी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसभर राबणारे शेतकरी आणि मजूर तिथे येऊन बसत. पोर शिकले पाहिजे हे तर खरेच, पण त्याचा बापही शिकला पाहिजे आणि तो शिकू शकतो, हा त्या शाळेचा अर्थ होता. मोठेपणी शिकायला लाजायचे नसते हे जोतिरावांनी आधी आपल्या ओसरीवर सिद्ध केले.

त्याच वर्षी त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. वरवर पाहता ती एका भोळ्या कुणबी जोडप्याची गोष्ट आहे. बायको गरोदर आहे, जोशीबुवा येतो, ग्रहांची भीती घालतो, अनुष्ठान आणि ब्राह्मणभोजन सांगतो आणि बिचारे जोडपे कर्ज काढून ते पार पाडते. नीट पाहिले तर हे नाटक म्हणजे एका घराचा जमाखर्च आहे. पीठ किती, तूप किती, दक्षिणा किती, त्यासाठी सावकाराचे कर्ज किती! कर्ज केवळ पाऊस न पडल्याने होत नाही, ते धर्माच्या नावानेही अंगावर चढवले जाते, हे अठ्ठावीस वर्षांच्या जोतिरावांनी ओळखले होते. अर्थशास्त्राचा त्यांचा पहिला धडा असा घराच्या चुलीपासून सुरू झाला.

कंत्राटदाराने पाहिलेली तिजोरी

जोतिराव देणग्यांवर जगणारे समाजसुधारक नव्हते. ते धंदा करीत. छापखान्यांना लागणाऱ्या खिळ्यांच्या साच्यांची एजन्सी त्यांच्याकडे होती. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या व्यवहारात त्यांचा भाग होता. खडकवासल्याच्या धरणाच्या आणि येरवड्याच्या पुलाच्या कामांशी त्यांचा कंत्राटदार म्हणून संबंध आला. मुठा कालव्याचे पाणी खेळू लागल्यावर मांजरीकडे त्यांनी स्वतः बागायती शेती केली. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी करून दिली आहे. समाजसुधारक हे बिरुद त्यात नाही.

हा धंदाच त्यांची दुसरी शाळा ठरला. सरकारी काम मंजूर कसे होते, अंदाजपत्रक कोण करतो, माप कोण लिहितो, हजेरीपट कोणाच्या हातात असतो, मजुराच्या हातात पडेपर्यंत पैसा कुठे कुठे गळतो, हे त्यांनी पुस्तकात वाचले नाही, कामावर उभे राहून पाहिले. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी'त त्यांनी इंजिनिअर खात्यातल्या या लुबाडणुकीवर पद्यरचनाही केली. 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतल्या निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना. गुलामी ही जशी मनाची तशीच श्रमाची लूट असते, हे सातासमुद्रापलीकडचे उदाहरण घेऊन त्यांनी आपल्या शूद्रातिशूद्रांच्या स्थितीशी जोडले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. भटाशिवाय लग्न लावण्याचा त्यांचा आग्रह धार्मिक बंड होता आणि त्याच वेळी गरिबाच्या घरातली एक कायमची गळती बंद करण्याचा उपायही होता.

मग काळ कठीण आला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इंग्रजांनी ज्याची नोंद केली ते हेच. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने कागदच का जाळले? कारण त्याला न वाचता येणारा तो कागदच त्याची जमीन गिळत होता. पाठोपाठ १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. सत्यशोधक समाजाने धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून भुकेल्या मुलांच्या तोंडी घास घातला. जोतिराव आणि सावित्रीमाई स्वतः त्या कामात होते. पण उपाशी पोराला भाकरी देऊन त्यांचे समाधान झाले नाही. जो पिकवतो त्याच्याच घरात आधी भूक का शिरते, हा प्रश्न त्यांना सोडवायचा होता.

नगरपालिकेतला एकटा विरोध

१८७६ पासून १८८२ पर्यंत जोतिराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. आजच्या भाषेत सांगायचे तर सार्वजनिक पैशाचा अभ्यास त्यांनी इथे केला. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागताच्या रोषणाईसाठी एक हजार रुपये खर्चायचा ठराव आला. बत्तीस सभासदांत विरोध करणारा एकच निघाला, जोतिराव फुले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी शहरातल्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी लेखी तक्रार केली. एकीकडे नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करते आणि दुसरीकडे आरोग्य बुडवणाऱ्या दुकानांना मोकळे रान मिळते, यातली विसंगती त्यांनी दाखवली. पुढे मोठी मंडई बांधायची टूम निघाली तेव्हाही त्यांनी विरोध केला, आधी शाळा हव्यात म्हणून. ती मंडई शेवटी उभी राहिली आणि काळाचा न्याय असा की आज ती महात्मा फुले मंडई म्हणूनच ओळखली जाते!

१८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे त्यांनी दिलेले निवेदन शिक्षणाचा जाहीरनामा म्हणून गाजले. मला ते महाराष्ट्रातल्या अर्थसंकल्पाच्या टीकेचे पहिले पान वाटते. त्यांचा मुद्दा सरळ होता. सरकारच्या तिजोरीत जो पैसा येतो त्याचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो. तो खर्च कोणावर होतो? वरच्या जातींच्या मुलांच्या उच्च शिक्षणावर. म्हणजे शेण काढणाऱ्याने कर भरायचा आणि त्याच कराच्या पैशावर कोणी तरी पदवीधर होऊन त्याच्याच छातीवर अंमलदार म्हणून बसायचे. जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड शेतकऱ्यांकडून घेतला जाई. त्यातून शाळा आणि रस्ते व्हायचे होते. या फंडाचा निम्मा भाग प्राथमिक शिक्षणालाच मिळाला पाहिजे, ही त्यांची मागणी होती. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचे शिक्षण हवे, शिक्षकाला पोटापुरता पगार हवा, शिक्षक शेतकरी समाजातून यावेत आणि अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचे ज्ञान हवे, असे त्यांनी सुचवले. हिशेब हा शब्द लक्षात ठेवावा. कारकुनाने काढून घेतलेली गोष्ट ते पुढच्या पिढीला परत मिळवून देत होते.

आसूड

१८ जुलै १८८३ रोजी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्याच्या आरंभीच्या ओळी आपल्याला तोंडपाठ आहेत. जयंतीला त्या फलकावर लिहिल्या जातात. पण त्या ओळींपुढची पाने किती जणांनी उलटली? त्या ओळींत विद्येच्या अभावापासून वित्ताच्या नाशापर्यंतची साखळी आहे आणि पुस्तक त्या साखळीची एकेक कडी पुराव्यासह दाखवते.

पहिल्या प्रकरणात शेतकऱ्याच्या जन्मापासून मरणापर्यंत आणि वर्षाच्या पहिल्या सणापासून शेवटच्या सणापर्यंत भटजी कसा वसुली करतो, याची जंत्री आहे. दुसऱ्यात ऐषआरामात गुंग गोरे अधिकारी आणि त्यांच्या आडून कुलकर्णी, मामलेदार कचेरीतले कारकून, कोर्टातले कर्मचारी शेतकऱ्याला कसे नागवतात ते येते. तिसऱ्यात राज्यसत्तेचा इतिहास सांगत ते आजच्या महसुलापर्यंत, करांपर्यंत आणि लोकल फंडापर्यंत पोहोचतात. चौथ्यात शेतकऱ्याचे घर, गोठा, अंथरूण-पांघरूण यांचे असे वर्णन आहे की वाचणाऱ्याला दारिद्र्याचा वास यावा. पाचव्यात उपाय आहेत.

एखाद्या शिकलेल्या अर्थतज्ज्ञाने आकड्यांच्या रांगा लावल्या असत्या. जोतिरावांनी कारणांची रांग लावली. घरात खाणारी तोंडे वाढली, जमीन तेवढीच राहिली, म्हणून ती पडीक ठेवून तिला विसावा देता येत नाही आणि तिचा कस गेला. डोंगरावरची पाने, शेणलेंड्या पावसाच्या पाण्याबरोबर वाहून शेतात येत, ते नैसर्गिक खत होते. जंगल खात्याने डोंगर आणि गायराने बंद केली, जनावरांचा चारा गेला, शेळ्यामेंढ्या राखून तगणाऱ्यांचा आधार गेला. परदेशी यंत्रांवरचा स्वस्त माल आल्याने साळी, कोष्टी यांसारख्या कारागिरांचे हात रिकामे झाले आणि तेही जमिनीवरच येऊन पडले. दर तीस वर्षांनी जमाबंदी होते आणि सारा वाढतो. कालव्यांसाठी युरोपातल्या सावकारांकडून कर्ज काढले जाते आणि त्याच्या व्याजाचा बोजा पाणीपट्टीच्या रूपाने कुणब्यावर येतो. यातले कोणतेही एक कारण सुटे नाही. एकाचा धक्का दुसऱ्याला लागतो. अर्थव्यवस्था म्हणजे अशी एकमेकांत अडकलेली यंत्रणा असते, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. शेत, बाजार, कचेरी आणि देऊळ या चारही ठिकाणी डोळे उघडे ठेवून ते त्यांना दिसले होते.

त्याच काळात दादाभाई नौरोजी हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडला कशी वाहून जाते, याचे आकडे मांडत होते. ते काम मोठेच होते. पण जोतिरावांनी त्यात नसलेला प्रश्न विचारला. देशातून बाहेर किती जाते ते तर पाहाच, पण देशातल्या देशात कोणाच्या घरातून कोणाच्या घरात जाते तेही पाहा. राष्ट्र गरीब आहे एवढे म्हणून चालणार नाही, राष्ट्रात गरीब कोण आहे ते सांगा. हा प्रश्न विचारला की जातीचे नाव घ्यावे लागते. म्हणून तो विचारायला सभ्य मंडळी आजही कचरतात.

उपायही त्यांनी मोघम सांगितले नाहीत. पलटणीतल्या शिपायांना आणि पोलिसांना रिकाम्या वेळी ताली-बंधारे बांधण्याच्या कामाला लावावे, पावसाचे पाणी शेतात मुरवावे, तलाव-धरणे बांधावीत, प्रत्येक शेतकऱ्याला मापाने पाणी द्यावे, भूगर्भातले पाणी शोधून दाखवणाऱ्यांना बक्षीस द्यावे, जातिवंत शेळ्यामेंढ्यांची पैदास वाढवावी, गायराने मोकळी करावीत, शेतीची प्रदर्शने भरवावीत, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकी शिक्षणासाठी विलायतेला पाठवावे आणि हे सगळे करायला पैसा हवा तर बड्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार आणि पेन्शनी कमी कराव्यात. खर्च सुचवताना तो कोठून काढायचा तेही त्यांनी सांगितले. उस्मानाबादी शेळी ज्या मातीने देशाला दिली, त्या मातीतल्या माणसाला शेळीवरचा हा विचार वेगळा समजावून सांगायला नको. पाणी अडवा, जिरवा या घोषणा सरकारी भिंतींवर येण्याच्या कितीतरी आधी तो विचार या पुस्तकात आहे.

हे पुस्तक त्यांनी खोलीत बसून लिहून संपवले नाही. त्यातले भाग त्यांनी पुण्या-मुंबईत, तसेच जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावांत लोकांना वाचून दाखवले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनाच ते ऐकवायचे, त्यांनी मान डोलावली तर खरे, ही त्यांची परीक्षा होती. पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू'ने छापली, पुढची छापण्याचे धैर्य त्या पत्रालाही झाले नाही. संपूर्ण पुस्तक छापील रूपात लोकांसमोर यायला त्यांच्या निधनानंतर दीर्घ काळ जावा लागला.

१८८५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी शेतकऱ्यांची स्थिती तीस वर्षांपूर्वीपेक्षा सुधारल्याचे मत मांडले. रानडे हे त्या काळचे अर्थशास्त्राचे मान्यवर अभ्यासक. जोतिरावांनी 'इशारा' ही पुस्तिका लिहून त्यांना उत्तर दिले. एका बाजूला ग्रंथांचा गाढा व्यासंगी विद्वान, दुसऱ्या बाजूला मळ्यात आणि कामावर शिकलेला स्वयंशिक्षित. शेतकऱ्याच्या घरात डोकावून न पाहता त्याची भरभराट ठरवता येत नाही, हा त्या उत्तराचा रोख होता. आजही विकासदर वाढल्याचे आकडे आपल्या अंगावर फेकले जातात, तेव्हा हीच पुस्तिका आठवते.

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ होता. जरीच्या पोशाखांच्या गर्दीत जोतिराव फाटक्या शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि राणीच्या मुलाला सांगून आले की खरी प्रजा पाहायची असेल तर खेड्यात जा. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर काही आठवड्यांतच पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू निकामी झाली. तरी डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून काढले. धंद्यात मिळवलेले समाजकार्यात गेले होते आणि शेवटचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

जोतिरावांच्या मांडणीला मर्यादा नव्हत्या असे म्हणणे त्यांच्याच सत्यशोधक वृत्तीला धरून होणार नाही. इंग्रज सरकारच्या न्यायबुद्धीवर त्यांनी ठेवलेला भरवसा काळाने खरा ठरवला नाही. खालचा कारकून लुटारू आणि वरचा साहेब बेफिकीर, एवढेच त्यांना आधी दिसले. साहेबाची व्यवस्थाच लुटीवर उभी आहे, हे त्यांच्या लेखनात हळूहळू उमटत गेले. पण शिकणारा माणूस असाच असतो. तो वर्षागणिक पुढे सरकतो.

गुरूकडून शिष्याकडे

'असूड' पुरा झाला १८८३ मध्ये. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९१८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे हा रोग नसून लक्षण आहे, शेतीवर पोसली जाणारी जादा माणसे आणि शेतकऱ्याकडे नसलेले भांडवल हा खरा रोग आहे आणि उद्योगधंदे वाढल्याशिवाय तो बरा होणार नाही, असे त्यांनी दाखवले. जोतिरावांनी जे शेताच्या बांधावरून पाहिले, ते बाबासाहेबांनी कोलंबिया आणि लंडनच्या शिक्षणाच्या बळावर शास्त्राच्या भाषेत सिद्ध केले. १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ, १९२५ चा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ, १९३७ चे खोती नष्ट करण्याचे विधेयक, १९३८ चा विधिमंडळावरचा शेतकऱ्यांचा मोर्चा, १९४७ ची 'राज्ये आणि अल्पसंख्याक' ही मांडणी, या सगळ्यांत तिजोरी कोणाची आणि राबणारा कोण, हा एकच प्रश्न आहे. १९४६ मध्ये शूद्रांच्या उगमावरचा ग्रंथ त्यांनी जोतिरावांना अर्पण केला तो उगाच नव्हे.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातही येऊन गेला आहे. १९४१ च्या फेब्रुवारीत आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली होती आणि बाबासाहेब तिला आले होते. वतन म्हणजे मान अशी समजूत होती. बाबासाहेबांनी त्याचा हिशेब मांडायला शिकवले. दिवस-रात्र गावकी आणि सरकारची बिगार, मोबदल्यात तुकडाभर जमीन आणि बलुत्याची मेहेरबानी. असा हिशेब मांडला की मानाचे सोंग गळून पडते आणि गुलामी उघडी दिसते. १९६४ च्या ६ डिसेंबरला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मागणी पडीक जमिनींची, गायरानांची होती. जोतिरावांनी ज्या गायरानांचे दुःख मांडले, त्यांच्यासाठीच मराठवाड्यातला आपला माणूस आजही तहसीलच्या पायऱ्या झिजवतो आहे.

आता आपल्याकडे वळू. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात अंदाजपत्रकात पैसा वेगळा ठेवायचा, हे धोरण सत्तरच्या दशकाअखेरीपासून आहे. तो पैसा दरवर्षी किती ठेवला, किती खर्च झाला, किती दुसरीकडे वळवला, हे ईटमधल्या किती कार्यकर्त्यांना सांगता येईल? २०२५ साली सामाजिक न्याय विभागाचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवल्यावरून खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. मंत्र्याला राग आला म्हणून आपल्याला कळले, नाही तर कळलेही नसते. तो निधी वळवायला मनाई करणारा कायदा हवा ही मागणी चळवळ वर्षानुवर्षे करते आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ साली उपयोजनेसाठी कायदे केले. पण आकडे वाचणारे डोळे गावागावांत तयार झाल्याशिवाय या मागणीला धार येणार नाही.

त्यासाठी विद्यापीठाची वाट पाहायची गरज नाही. जोतिरावांनी ज्या क्रमाने धडे घेतले तो क्रम आपल्यालाही झेपणारा आहे. आधी आपल्या घराचा वर्षाचा जमाखर्च लिहावा, त्यात सण, लग्न, तेरावे, दवाखाना, व्याज हे रकाने वेगळे करावेत. मग आपल्या धंद्याचा हिशेब मांडावा. दुधाच्या एका लिटरचा खवा किती होतो, भट्टीला काय मिळते, शहरातल्या पेढ्याच्या दुकानात त्याची किंमत काय होते. मुकादमाची उचल किती, तोडलेल्या उसाचे टन किती, कापून घेतले किती. मग ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक मागावे. त्यात मागासवर्गीयांसाठी राखून ठेवायच्या पैशाचे काय झाले ते ग्रामसभेत विचारावे. त्यानंतर जिल्हा परिषद, मग राज्य. आणि जे समजले ते विहारात, समाजमंदिरात चारचौघांना वाचून दाखवावे, चुकले असेल तर त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावे. वय विचारू नये. रात्रशाळेत बसलेल्या त्या मजुरांना जोतिरावांनी वय विचारले नव्हते.

११ एप्रिलला आपण मिरवणूक काढतो, १४ एप्रिलपर्यंत गावे निळाईने भरून जातात. वर्गणीची पावतीपुस्तके छापली जातात आणि जमाखर्च चोख ठेवणारी मंडळेही पुष्कळ आहेत. तोच चोखपणा सरकारच्या तिजोरीच्या बाबतीत वापरायला आपण शिकलो, तर प्रस्थापितांची झोप उडेल. यंदा ईटच्या आणि प्रत्येक गावच्या जयंती मंडळाने वर्गणीतून निदान एक 'शेतकऱ्याचा असूड' आणि आपल्या ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाची एक प्रत विकत वा मागून आणावी आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायला बसावे. राष्ट्रपिता जोतिरावांना तेच खरे अभिवादन ठरेल.